वासराची गाठ

माझ्या धाकट्या मुलाच्या, सुबोधच्या लग्नातल्या मानपानावरून घरात अजून धुसफूस चालू होती, तेवढ्यात रेवाने शाळेत एका मुलाला बांधून घातलं आणि आम्हाला भांडायला ताजा विषय मिळाला.

बांधून घातलं म्हणजे खरोखरच बांधून घातलं. उडीच्या दोरीने, मनगटाला धरून, मैदानाच्या कठड्याच्या लोखंडी गजाला. मुलगा सातवीतला, अरमान सूद नावाचा, माझ्या नातीपेक्षा वीतभर उंच. मधल्या सुट्टीत हा रेवाच्या मैत्रिणीचा, अवनीचा, चष्मा काढून घ्यायचा. त्या पोरीला चष्म्यावाचून स्वतःचा हात दिसत नाही. ती चाचपडत फिरायची आणि हा चष्मा हातात नाचवत ‘पकड़, पकड़’ करायचा. रोजचा खेळ. त्या दिवशी अवनी शेवंतीच्या कुंडीवर जाऊन आदळली. रेवाने आधी तोंडाने सांगितलं, मग बाईंना सांगितलं, बाई म्हणाल्या ‘आपस में सुलझा लो’. मग रेवाने दोरी घेतली आणि सुलझवलं.

गाठ मी शिकवलेली. कराडकडे माझ्या माहेरी गोठ्यात वासरं बांधायची ती गाठ. वासरू कितीही ओढू दे, फास आवळत नाही आणि निसटतही नाही. गेल्या मे महिन्यात पोरगी घरात कंटाळली होती म्हणून पलंगाच्या पायाला बांधून बांधून शिकवली. मी चौथी शिकलेली बाई, पण मी शिकवलेलं पोरं विसरत नाहीत. या घरात इतक्या डिग्र्या आहेत, त्यातल्या कुणाबद्दल असं म्हणता येईल?

आता पुढचं ऐका. अरमानचा दुसरा हात मोकळा होता. गाठ सोडायला तेवढा पुरला असता. पण त्या हातात चष्मा होता आणि चष्मा सोडायला हा तयार नव्हता. घंटा झाली, पोरं वर्गात गेली, हा तिथेच गजाला उभा, मुठीत चष्मा धरून भोकाड पसरतोय. शेवटी खेळाच्या सरांनी कात्री आणून दोरी कापली. चष्मा तेव्हाही त्याने सोडला नव्हता.

शाळेने लगेच शिक्षा केली. रेवाला.

शिक्षा अशी, की सगळ्या वर्गापुढे उभं राहून अरमानला ‘सॉरी’ म्हणायचं. म्हणेपर्यंत वर्गात पाऊल टाकायचं नाही, ‘रिफ्लेक्शन रूम’ नावाच्या खोलीत एकटीने बसून स्वतःच्या वागण्याचा विचार करायचा. सोमवारी आईबापांनी येऊन सही करायची, की आमची मुलगी माफी मागेल आणि पुन्हा दोरीला हात लावणार नाही.

रविवारी ऊन पडलं. इतके दिवस धुक्यात समोरच्या क्वार्टरचं फाटकसुद्धा दिसत नव्हतं. चंदिगडला जानेवारीत ऊन पडलं की अख्खं सेक्टर खुर्च्या घेऊन बाहेर येतं. आम्हीही मागच्या हिरवळीवर सतरंजी टाकली, मधे अपनी मंडीतून, म्हणजे शेतकऱ्यांच्या बाजारातून आणलेल्या मटारचा ढीग ओतला आणि सगळ्यांना सोलायला बसवलं. हात कामात असले की माणसं तोंडाने खरं बोलतात. लेक उल्का पंचकुल्याहून खास या विषयासाठी आली होती. या शाळेत रेवाचं नाव तिनेच कुणाकुणाला भेटून घालून दिलं होतं, त्यामुळे आपलं नाक कापलं गेलं असं तिला वाटत होतं.

‘‘आई, मी त्या मुलाला ओळखते,’’ उल्का म्हणाली. ‘‘आमच्याच कॉलनीत राहतो. इतका गोड मुलगा आहे! गेल्या दिवाळीत त्याने माझ्या गाडीची काच फोडली. लगेच घरी येऊन असा काही सॉरी म्हणाला, डोळ्यांत पाणी आणून, की मीच त्याला चॉकलेट दिलं.’’

‘‘आणि काच?’’ मी विचारलं.

‘‘नंतर परत एकदा फोडली. पण तेव्हाही सॉरी म्हणाला.’’

‘‘आणि तू चॉकलेट दिलंस.’’

‘‘मग काय करणार, आई!’’

रेवा मटार सोलता सोलता निम्मे तोंडात टाकत होती. आमचं मराठी तिला सगळं कळतं, पण उत्तर हिंदीतच येतं. म्हणाली, ‘‘आत्या, वो रोज करता है और रोज सॉरी बोलता है। हर सॉरी पे स्टार मिलता है। उसके चार्ट पे अब जगह ही नहीं बची, नीचे दूसरा कागज चिपकाया है। इसीलिए तो वो काइंडनेस कॅप्टन है।’’

‘‘कसला कॅप्टन?’’ मी विचारलं.

माझ्या सुनेने, प्रतिमाने, समजावून सांगितलं. शाळेत यंदापासून दयाभावाचा कार्यक्रम आहे. जो मुलगा माफी मागतो त्याला सोनेरी चांदणी मिळते. ज्याच्या चांदण्या जास्त तो कॅप्टन. त्याच्या छातीवर बिल्ला.

‘‘म्हणजे जो रोज मारील त्याला रोज माफी मागता येईल,’’ मी म्हटलं. ‘‘आणि ज्याने कुणाला कधी बोटही लावलं नाही त्याच्या चांदण्या किती?’’

‘‘त्याच्या नाहीत, आई.’’

‘‘वा.’’

इतका वेळ आमचे हे गप्प होते. पण नुसते गप्प नव्हते, आतून फुलत होते, हे मी ओळखलं. केंद्र सरकारच्या कचेरीत यांची सगळी नोकरी गेली. तिथे एखाद्यावर चौकशी लागली की त्याची बाजू मांडायला तो नोकरीतलाच कुणीतरी निवडतो. त्याला म्हणतात डिफेन्स असिस्टंट. यांना सगळे निवडायचे. कामावर झोपलेले, साहेबाला बोललेले, साहेबाच्या खुर्चीत झोपलेले, असे कितीतरी यांनी सोडवले. रिटायर झाल्यापासून घरात कुणी गुन्हाच करत नव्हतं म्हणून माणूस सुकत चालला होता.

‘‘आरोपपत्र आणा,’’ हे म्हणाले.

‘‘बाबा, व्हॉट्सअॅपवर निरोप आलाय फक्त,’’ देवेंद्र म्हणाला. देवेंद्र, माझा थोरला, रेवाचा बाप. तोही सरकारी नोकरीतच. समोर आलेला कागद त्याने कधी सहीवाचून परत पाठवलेला नाही. मग त्यावर काहीही लिहिलेलं असो.

‘‘तरी वाच. आरोपांना क्रमांक घालू. एक, डांबून ठेवणे. दोन, शालेय मालमत्तेचं, म्हणजे दोरीचं नुकसान. दुसरा आरोप पडतो. दोरी खेळाच्या मास्तरने कापली. पहिल्यात आपण अंशतः कबुली देऊ आणि किरकोळ शिक्षेवर आणू. नुसती ताकीद. ताकिदीने पुढच्या बढतीवर काही परिणाम होत नाही.’’

‘‘बाबा, ती सहावीत आहे. सातवीत सगळेच जातात,’’ प्रतिमा म्हणाली.

‘‘तेच म्हणतोय. परिणाम होत नाही.’’

देवेंद्रने तोवर मोबाइलवर उत्तराचा मसुदा करायला घेतला होता. ‘‘रेवा, तू ‘मी बांधलं’ असं म्हणायचं नाहीस. ‘दोरी बांधली गेली’ असं म्हणायचं.’’

‘‘किसने बांधी, पापा?’’

‘‘ते लिहायचं नसतं.’’

मी शेंगा खाली टाकल्या. म्हटलं, ‘‘माझी नात चोरून काही करत नाही, बांधली म्हणजे तिनेच बांधली. आणि सॉरी ती म्हणणार नाही.’’

‘‘आई, एक शब्द आहे हो!’’ प्रतिमा म्हणाली. ‘‘म्हणायचा आणि मोकळं व्हायचं. काय झिजणार आहे?’’

‘‘तू म्हणून दाखव बरं मला, एकदा तरी.’’

हे जरा जास्तच लागलं तिला. लागावं म्हणूनच म्हटलं होतं. उल्का वहिनीच्या बाजूने बोलायला लागली. ही गोष्ट चंद्रग्रहणाइतकी क्वचित घडते. देवेंद्र बायकोच्या बाजूला. हे कायद्याच्या बाजूला. म्हणजे चौघे एकीकडे आणि मी एकीकडे. अशी वाटणी झाली की मला बरं वाटतं, कारण मग मीच बरोबर आहे याबद्दल शंका राहत नाही.

रेवा कुणाच्याच बाजूला बोलली नाही. तिने फक्त एवढंच विचारलं, ‘‘अगर मैं सॉरी नहीं बोलूँ, तो अवनी के साथ वाली सीट पे कौन बैठेगा?’’



ऊन उतरल्यावर आम्ही आत आलो. प्रतिमा सोललेले मटार पिशव्यांत भरून फ्रीजरमध्ये लावत होती आणि मी पिशव्यांची तोंडं बांधत होते. आमच्या दोघींचं बरं बोलणं व्हायचं झालं तर असंच होतं, एकमेकींकडे पाठ करून. तिने फ्रीजरशी बोलावं तसं सांगितलं. ही रेवाची चौथी शाळा. देवेंद्रची बदली झाली की पोरगी नव्या वर्गात जाऊन मागच्या बाकावर बसते आणि सहा महिन्यांनी कुणीतरी तिला नाव विचारतं. जोधपूरला तर तिने डबा एकटीनेच खाल्ला. वर्षभर. घरी सांगायची, मैत्रिणींबरोबर खाल्ला. मग एक दिवस प्रतिमा लवकर न्यायला गेली तेव्हा तिने पाहिलं. ‘‘अवनी ही तिची पहिली मैत्रीण आहे, आई. एका शब्दासाठी ती जायला नको. पोर खोटं बोलून मैत्रिणी करत होती हो.’’

मी पिशवीला गाठ मारली. प्रतिमा मोहालीच्या नॉलेज सिटीत एका संस्थेत नोकरी करते, चांगली हुशार आहे, पण रडायला लागली की तिचं नाक लाल होतं आणि मग माझं बोलणं अडखळतं.

सोमवारी सकाळी पुन्हा धुकं. आम्ही चौघं मोठी आणि रेवा, देवेंद्रच्या गाडीत. शाळेने फक्त आईबापांना बोलावलं होतं. हे म्हणाले डिफेन्स असिस्टंटला कुणी अडवू शकत नाही, आणि मला अडवायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

प्रिन्सिपल मॅडमच्या दारात अरमान स्वतः उभा. छातीवर बिल्ला. पाहुण्यांचं स्वागत करणं कॅप्टनचं काम. ‘‘गुड मॉर्निंग, दादी जी,’’ म्हणत वाकून नमस्कार केला, दार धरलं, आम्ही आत जातोय तोच दार सोडलं. यांच्या शालीचं टोक दारात अडकलं आणि हे मागच्या मागे ओढले गेले.

‘‘सॉरी, दादा जी!’’ डोळ्यांत पाणी.

‘‘सो स्वीट,’’ मॅडम म्हणाल्या आणि टेबलाच्या खणातून सोनेरी चांदणी काढून त्याच्या हातावर चिकटवली.

मी रेवाकडे पाहिलं. ती छताकडे पाहत होती.

खोलीत हीटर होता, चहा आला, बिस्किटं आली. मॅडम सुरेख बाई, आवाज असा की बालवाडीला गोष्ट सांगताहेत. ‘‘देखिए, हम किसी की साइड नहीं लेते। हमारे यहाँ झीरो टॉलरन्स है।’’

‘‘कशाला?’’ मी विचारलं. मग हिंदीत, ‘‘किसको झीरो?’’

‘‘झगड़े को, माता जी। झगड़े में दो लोग होते हैं।’’

‘‘तीन थे,’’ मी म्हटलं. ‘‘एक का चश्मा गया था।’’

हे घसा खाकरून उभे राहिले. ‘‘मॅडम, मैं इस केस में डिफेन्स असिस्टंट हूँ।’’

‘‘आप ग्रँडफादर हैं न?’’

‘‘वह भी हूँ। आरोप क्रमांक दो के संबंध में, हम मुद्देमाल देखना चाहेंगे।’’

मॅडमना काय करावं ते कळेना. कात्रीने कापलेली दोरी त्यांनी खरंच एका पारदर्शक पिशवीत घालून कपाटात ठेवली होती. ती काढून टेबलावर ठेवली. यांनी तिच्याकडे असं पाहिलं, की मला यांचं तरुणपण आठवलं.

‘‘बात रस्सी की नहीं है, सर,’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘बच्चे का हाथ कट सकता था। खून रुक सकता था। सोचिए, कितनी डेंजरस गाँठ!’’

हे मला सहन झालं नाही. माझ्या बापाच्या गोठ्यात कित्येक वासरं या गाठीत वाढली, एकाचा पाय दुखावला नाही. मी उठले, पिशवीतून दोरीचा मोठा तुकडा काढला, देवेंद्रचं उजवं मनगट धरलं आणि खुर्चीच्या दांडीला बांधलं.

‘‘आई, काय करतेस!’’

‘‘ओढ.’’

‘‘आई, मला पावणेअकराला मीटिंग—’’

‘‘ओढ म्हटलं ना!’’

त्याने ओढलं. खुर्ची टेबलाकडे सरकली, चहा सांडला, मनगट जसंच्या तसं. ‘‘देखा?’’ मी म्हटलं. ‘‘आवळता नहीं। कटेगा कैसे? बछडे का पाय नहीं कटता, इसका क्या कटेगा?’’

मॅडम बघतच राहिल्या. मी समाधानाने गाठ सोडायला गेले आणि तिथे माझा घात झाला. चंदिगडच्या थंडीत माझ्या बोटांचे सांधे सुजतात. बांधताना रागाच्या भरात बांधलं; सोडताना बोटं वळेनात. प्रतिमाने प्रयत्न केला, तिला टोकच सापडेना. मॅडमनी शिपायाला कात्री आणायला पाठवलं.

‘‘ऑब्जेक्शन!’’ हे ओरडले. ‘‘मुद्देमालाशी छेडछाड! आधीच एकदा कापलेला आहे!’’

‘‘बाबा, माझा हात आहे हा!’’ देवेंद्र म्हणाला.

‘‘तुझा हात मुद्देमालात धरलेला नाही. दोरी आहे.’’

‘‘मैं खोल देती हूँ,’’ रेवा म्हणाली आणि पुढे झाली.

मॅडमनी तळहात वर केला. ‘‘नहीं, बेटा। रेवा के लिए रस्सी अलाउड नहीं है। सॉरी के बाद।’’

कुणी हसेल असं मला वाटलं. कुणी हसलं नाही. कात्री घेऊन शिपाई दारात आला आणि मॅडमनी त्याला तिथेच थांबवलं, कारण आता त्यांनाही ऑब्जेक्शनची भीती वाटायला लागली होती.

मग मॅडमनी तो कागद पुढे केला. देवेंद्रने खिशातून पेन काढायला हात नेला आणि हात निम्म्यावर अडकला. उजवाच हात.

‘‘लेफ्ट से कर दीजिए, सर।’’

‘‘डाव्या हाताची सही बँकसुद्धा मान्य करत नाही,’’ हे म्हणाले.

‘‘तो मॅडम कर दें।’’ कागद प्रतिमापुढे सरकला.

प्रतिमाने पेन घेतलं. मी खिडकीबाहेर धुक्याकडे पाहायला लागले. मला ते बघायचं नव्हतं. पोरीचं भलं तीही बघत होती, आणि मीही. तेवढ्यात तिने विचारलं, ‘‘मॅम, अवनी का क्या हुआ? वो ठीक है?’’

‘‘अवनी! बहुत प्यारी बच्ची है,’’ मॅडम खुलल्या. ‘‘हमने उसे भी समझाया। चश्मा डोरी से बाँध के पहनना चाहिए, नहीं तो दूसरों को छेड़ने का मन होता है। उसने तो फौरन सॉरी बोल दिया।’’

‘‘किसको?’’

‘‘अरमान को। बेचारे का पूरा लंच ब्रेक खराब हुआ था।’’

प्रतिमाने पेनाला टोपण लावलं. ते काम तिने फार सावकाश केलं. मग पेन टेबलावर ठेवलं आणि आपले दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसली, लहान मुलं बसतात तशी. नाक लाल झालं होतं, पण ती रडत नव्हती.

त्याच वेळी यांच्या मोबाइलवर उल्काचा फोन आला. यांनी चुकून स्पीकरवर घेतला. ‘‘झालं का सॉरी म्हणून?’’ उल्काचा आवाज खोलीभर घुमला. ‘‘मी अरमानच्या आईला सांगितलंय झालंच म्हणून!’’

‘‘कामकाज चालू आहे,’’ हे म्हणाले आणि फोन ठेवला.

मॅडमनी सुस्कारा सोडला. बाई वाईट नव्हती. तिला हे प्रकरण आवरून पुढच्या पालकांना आत घ्यायचं होतं. ती माझ्याकडे वळली आणि हात जोडले. ‘‘माता जी, आप घर की बड़ी हैं। बच्ची नहीं बोलती, कोई बात नहीं। उसकी तरफ से आप बोल दीजिए। हम मान लेंगे। वो अभी, इसी वक्त क्लास में जाकर अवनी के पास बैठ जाएगी।’’

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

तुम्हाला सांगते, या घरात इतकी वर्षं काढली, सासूशी भांडले, जावांशी भांडले, घरमालकांशी, शेजाऱ्यांशी, यांच्या तीन साहेबांशी भांडले. तो शब्द माझ्या तोंडून कुणी ऐकलेला नाही. हे आपला ऐकू येणारा कान माझ्याकडे करून पुढे वाकले. देवेंद्र बांधलेल्या हातासकट वळला. प्रतिमाने तर श्वासच धरला होता. माझी लेकरं माझ्या लग्नाच्या वाढदिवसाला इतकी कान देऊन बसत नाहीत.

मी विचार केला. जोधपूरचा डबा आठवला, जो मी पाहिलाच नव्हता, नुसता ऐकला होता. माझ्या एका शब्दाने पोरगी बाकावर जाऊन बसणार होती. शब्द कुणाचा, तर माझा. तिचा नाही. तिचं काही जात नव्हतं. माझं जायचं ते जाऊ दे, म्हातारीचं काय एवढं. मी पदर सारखा केला, घसा साफ केला, तोंड उघडलं.

‘‘आजी, नको,’’ रेवा म्हणाली.

मराठीत म्हणाली.

माझं तोंड उघडं ते उघडंच. सगळे वाट बघतायत. काहीतरी म्हणणं भाग होतं. ‘‘चाय,’’ मी मॅडमना म्हटलं, ‘‘ठंडी हो गई।’’

मॅडमनी मग निर्णय सांगितला. आवाज तसाच गोड होता. वार्षिक परीक्षेपर्यंत रेवा रिफ्लेक्शन रूममध्ये बसेल. जेवणाची सुट्टी तिथेच. सॉरी म्हणाली तर कधीही बाहेर. यांनी अपील कुणाकडे करायचं ते विचारलं. अपील नाही, मॅडम म्हणाल्या, अपील केल्याने मुलांना निगेटिव्ह वाटतं. यांनी ते वाक्य खिशातल्या कागदावर उतरवून घेतलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत असं सुंदर वाक्य ऐकलं नव्हतं म्हणे.

‘‘चला,’’ देवेंद्र म्हणाला. डावा हात त्याने गाठीवर नेला, अंगठ्याने एक पीळ मागे ढकलला, बोटाने टोक ओढलं आणि दोरी खुर्चीवरून खाली पडली. दोन श्वासांचं काम. लहानपणी दर मे महिना त्याने माझ्या बापाच्या गोठ्यात काढला आहे. अंधारातही सोडेल तो ती गाठ.

मॅडम दोरीकडे पाहत राहिल्या. ‘‘सर, आपको तो आती थी!’’

‘‘जी,’’ देवेंद्र म्हणाला आणि मनगट चोळत उभा राहिला. ‘‘अभी-अभी याद आई।’’

प्रतिमाने नवऱ्याकडे पाहिलं. लग्नानंतर त्याच्याकडे असं पाहिलेलं मी तिला पहिल्यांदाच पाहिलं, आणि सासू असूनही मान वळवली.

रिफ्लेक्शन रूम खेळाच्या खोलीला लागून, एका अंगाला. एक खिडकी, एक लांब बाक, भिंतीवर ढगांचं चित्र. रेवाने दप्तर ठेवलं, बसली, ढगांकडे तोंड केलं. प्रतिमा तिच्या मफलरचं टोक सारखं करत राहिली, सारखं झालेलं असूनही. मॅडम दार लावून घ्यायला उभ्या होत्या.

तेवढ्यात व्हरांड्यातून एक पोर भिंतीला हात लावत लावत आली. जाड भिंगांचा चष्मा, मागे कानांवरून काळी दोरी. हीच अवनी. धावत आली असणार, छाती वरखाली होत होती.

‘‘मॅम,’’ ती म्हणाली, ‘‘मुझे अपना सॉरी वापस लेना है।’’

‘‘क्या, बेटा?’’

‘‘जो मैंने अरमान को बोला था। वो वापस चाहिए।’’

‘‘सॉरी वापस नहीं होता, अवनी। ऐसा कोई प्रोसीजर नहीं है।’’

‘‘होता है,’’ मागून हे म्हणाले. ‘‘दबाव में दिया गया बयान, मॅडम—’’

‘‘तुम्ही गप्प बसा हो,’’ मी म्हटलं. ‘‘पोरगी बोलतेय ना.’’

पण पोरीला आणखी काही बोलायचं नव्हतं. मॅडम म्हणत राहिल्या, की बेटा, क्लास में जाओ, तुम्हारी तो कोई सजा ही नहीं है, तुम तो अच्छी बच्ची हो. अवनी त्यांच्या हाताखालून वाकून आत शिरली.

रेवा बाकावर सरकून बसली.